बाईचं गाणं बाप्यानं गावं का?

पेटीमास्तर

नमस्कार मंडळी.

फोंडा तालुक्यातल्या एका गावात मी मुलांना पेटी आणि गाणं शिकवतो. पुढच्या महिन्यात शाळांची लोकगीत स्पर्धा आहे. माझ्याकडच्या पंधरा वर्षांच्या एका मुलानं 'हांव सायबा पोलतडी वैता' ही देखणी (गोव्यातलं कोंकणी नाचगाणं) निवडली. निवड त्याचीच. ठेक्याला पक्का आहे, शब्द स्वच्छ आहेत. तालीम रंगात आली आणि घरून निरोप आला, "मास्तर, त्याला काहीतरी पुरुषाचं द्या. हे कलावंतिणीचं गाणं, वर्गातली पोरं वर्षभर चिडवतील." पाठोपाठ एका जाणत्या गायकांनीही तेच ऐकवलं, फक्त जड शब्दांत. गाण्यात बोलणारी बाई असेल तर गळाही बाईचाच हवा, नाहीतर भाव उसना वाटतो म्हणे.

मला हे पटत नाही. आमचे मिशीवाले बुवा भजनात गौळण घेतात तेव्हा 'बुवा, घागर कुठाय?' असं कुणी विचारत नाही. पण त्या माउलीची काळजीही खोटी नाही, पोराला शाळेत तीच तोंडं रोज बघायची आहेत. तुम्ही काय कराल? गाणं ठेवू की बदलू?

खवचट_काजू

पाळणा बाळंतिणीनंच म्हणावा आणि भूपाळी कोंबड्यानं, असा ठराव करून टाका. धागा संपला.

पेडण्याचा_पेंद्या

मास्तर, ठेवा गाणं. आमच्याकडे जत्रेला दशावतार असतो. रात्री उशिरा सुरू, उजाडता उजाडता आटोपतं. लिहिलेलं नाटक नाही, संवाद तिथल्या तिथे. स्त्रीपार्टी म्हणजे गावातलाच कुणीतरी बाप्या, दिवसा शेतात नाहीतर गॅरेजात. माझी मावशी तारामतीच्या प्रवेशाला दर वर्षी पदर डोळ्यांना लावते. सकाळी तीच तारामती चहाच्या गाड्यावर विडी ओढताना दिसते. मावशी बघते, तोंड फिरवते आणि पुढच्या जत्रेला परत रडते.

एक मात्र सांगतो. चांगला स्त्रीपार्टी आवाज बारीक करत बसत नाही. आहे त्या गळ्यात पद म्हणतो, फक्त घाई करत नाही. लोकांना हसू येतं ते मान वेळावल्यामुळे, डोळे मिचकावल्यामुळे. पोराला सांगा, गाणं म्हण, बाई होऊ नको.

सत्तरीची_सून

मी जरा वेगळं बोलते, रागावू नका.

आमच्या गावात पुसात (पौषात) धालो होतात. जेवणंखाणं आटोपून रात्री बायका मांडावर (गावातल्या ठरलेल्या जागी) जमतात, समोरासमोर दोन रांगा करतात आणि वाकत-वाकत गातात. पुरुष तिथे येत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं की धालोतली गाणी म्हणजे सगळी बायकांची सुखदुःखं असणार. तसं नाहीच. बोलणारा कधी राम असतो, कधी भाऊ, कधी शिकारीला निघालेला. शेवटच्या रात्री तर धोतर नेसून, काजळाच्या मिशा काढून सोंगं येतात. म्हणजे गाण्यातला 'मी' बाई की बाप्या, याची आमच्या म्हाताऱ्यांना काही पडलेली नाही.

पण एका कार्यक्रमात पुरुषांच्या पथकानं धालोची गाणी सादर केली. साड्या नाहीत, नखरे नाहीत, सगळं सभ्य. सूर तर आमच्यापेक्षा बरे. तरी माझ्या सासूबाई उठून बाहेर गेल्या. विचारलं तर म्हणाल्या, "मांड ना, रात ना, आनी हे धालो?" त्यांना खटकलं ते वेगळंच. वर्षातल्या ज्या काही रात्री फक्त बायकांच्या, त्यांतलं गाणं उचलून दिवसाउजेडी खुर्च्यांपुढे मांडलं.

देखणीचं तसं नाही. ती लोकांपुढे गायचीच चीज. तुमच्या मुलानं खुशाल गावी. पण 'कुणीही काहीही गावं' यावर माझी सही नाही.

जुनी_तबकडी

मुळात हे लोकगीत आहे का, तेवढं आधी बघूया. या देखणीला कार्लुस एउजेनियु फेरेरा यांचं नाव जोडलं जातं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा काळ. कर्ता माहीत असलेलं गाणं लोकगीत स्पर्धेत चालतं का, ते नियमांत बघून घ्या. नाहीतर परीक्षक बाई-बाप्याचं सोडून यावरच गुण कापतील.

दुसरं, हे गाणं भारतभर पोचलं ते 'बॉबी'मुळे (१९७३). तिथे 'घे घे घे रे' म्हणत दागिने कोण देतंय? पडद्यावर धिप्पाड प्रेमनाथ, आवाज मन्ना डे यांचा. जोडीला शैलेंद्र सिंग, म्हणजे तोही पुरुष. थिएटरात कुणी 'कलावंतीण कुठाय' म्हणून ओरडलं नव्हतं.

तिसरं, गाणं नीट ऐका. त्यात दोघं बोलतात. ती नाचणारीण होडीवाल्याला म्हणते, मला पलतडी दामूच्या लग्नाला जायचंय, वाट दाखव, हे घे, ते घे. आणि 'म्हाका नाका गो' म्हणणारा होडीवाला बाप्या आहे. गळा जुळवायचाच असेल तर आजवर एकट्या बाईनं गायलेली प्रत्येक देखणी बाद.

खवचट_काजू

तबकडीकाका, परीक्षकांना अर्धे गुण द्यायला सांगूया. होडीवाल्याचे.

रस्त्यात_भेटलेला

+१ सत्तरीची_सून.

घुमटवाली

सगळे पुरुष बायकांचं गातात त्यावर बोलताहेत. उलटं बघा की जरा.

आमचं बायकांचं घुमट (मडक्याला चामडं लावलेलं वाद्य) आरतीचं पथक आहे. आरतीत 'मी' कोण, बाई की बाप्या? कुणीच नाही, देवाची आरती आहे. तरी सुरुवातीला एका देवळात आम्हाला ऐकवलं गेलं की घुमट बायकांचं वाद्य नव्हे, पोटाशी धरून थापा मारणं बरं दिसत नाही. दुसऱ्या ठिकाणी गाऊ दिलं पण वाजवायला गावचे मुलगे बसवले. त्यांना आमच्या चाली माहीत नव्हत्या, लय कुठल्या कुठे गेली. २०१९ साली सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, वर्तमानपत्रांत फोटो आले, तेव्हा हेच लोक 'आमचं घुमट, आमचं घुमट' करत होते.

म्हणून 'भाव उसना वाटतो' हे मला पटत नाही. पुरुषानं राधा केली तर ती साधना, आणि आम्ही शामेळावर (घुमटाच्या साथीचं तालवाद्य) हात ठेवला की आगाऊपणा. बालगंधर्वांच्या शालूंचं कौतुक अजून चालतं, पण ज्योत्स्ना भोळे (आमच्या बांदोड्याच्या!) १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'त उभ्या राहिल्या तेव्हा बाईनं बाईची भूमिका करणं हीच नवलाई होती. तियात्रातही (कोंकणी नाटकातही) तेच. १९०४ साली रेजिना फर्नांडिस उभी राहीपर्यंत तिथेही बाया म्हणजे बाप्येच.

पेडण्याचा_पेंद्या

ताई, मुद्दा मान्य. शिमग्यात आमच्याकडे राधा नाचते तीही पुरुषच, आणि बायांनी रोमटात (शिमग्याच्या मिरवणुकीत) ढोल घेतला की म्हातारे अजून बघत राहतात. पण हल्ली बघतात आणि गप्प बसतात, इतपत सुधारणा आहे.

म्हापशेकर_मनमोकळा

मी त्या जाणत्या गायकांच्या बाजूनं. सगळे एका सुरात 'गाऊ दे' म्हणताहेत म्हणून मुद्दाम लिहितो.

जात्यावरची ओवी घ्या. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना कळतं की ही गाणी ऐकवण्यासाठी नव्हतीच. पहाटे दळताना, घर झोपलेलं असताना, सासरचा जाच जात्याला सांगायचा. समोर श्रोता नाही म्हणून तर बाई मोकळी बोलली. आता तीच ओवी एखादा कसलेला गायक तानपुरा लावून, आलाप घेऊन म्हणतो. लोक 'वा' म्हणतात. मला त्या वेळी बसवत नाही. त्याचा गळा वाईट म्हणून नाही. जिला तोंड उघडायला फक्त ती वेळ मिळत होती, तिचं बोलणं त्यानं माईकवर नेलं आणि मानधनही त्यानंच घेतलं.

नाटकाचं वेगळं. तिथे सोंग आहे हे सगळ्यांनी मान्य केलेलं असतं. लोकगीत गाणारा सोंग आणत नाही, तो 'मी' म्हणतो.

सत्तरीची_सून

@मनमोकळा, तुमचं आणि माझं बरंचसं एकच आहे. फक्त माझ्या मते तीच ओवी शहरातल्या बाईनं तानपुऱ्यावर म्हटली तरी तेवढीच परकी. तिनं कधी जातं ओढलंय? मीही नाही ओढलं, आमच्याकडे गिरण आहे.

दोन_पोरींचा_बाप

मनमोकळासाहेब, आमच्या घरी रात्री पाळणा मी म्हणतो, बायको नाईटला असते (नर्स आहे). आईच्या ओव्याच म्हणतो, 'माझ्या कुशीतलं' वगैरे शब्दांसकट. धाकटी झोपते. मोठी म्हणते, बाबा, तुला कुस नाही. मग ती हसते आणि धाकटी उठते. एवढाच काय तो तोटा.

रियाजी_रमा

गाणं शिकते म्हणून एक भर घालते. ख्याल-ठुमरीत हा प्रश्न निघतच नाही. 'पिया बिन नहीं आवत चैन' अब्दुल करीम खाँसाहेबांनी गायलं, 'याद पिया की आये' बडे गुलाम अलींनी. दोन्हींत बोलणारी विरहिणी. भरल्या मिशांचे खाँसाहेब 'पिया' म्हणतात आणि माणसं डोळे पुसतात. माझी शंका अशी की हिंदी-ब्रज शब्द आपल्याला अर्धेच पोचतात म्हणून आपण हसत नाही. तेच कोंकणी-मराठीत आलं की एकदम कळतं आणि गुदगुल्या होतात.

पण मला जास्त छळणारी गोष्ट दुसरीच. बंदिशीतल्या या नायिका रचल्या कुणी? बहुतेक पुरुषांनी. लावणीचंही तेच, रामजोशी काय, होनाजी काय. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्या आणि एकनाथांच्या गौळणी तर आहेतच. बाईच्या मनातलं म्हणून आपण जे ऐकतो, त्यातलं पुष्कळसं पुरुषाच्या लेखणीतून आलंय. तबकडीकाकांनी फेरेरा यांचं नाव सांगितलं, तेही बघा. ख्रिस्ती घरातला एक गृहस्थ हिंदू कलावंतिणीचा आवाज लावून लिहितो. आता पंधरा वर्षांचा मुलगा ते गाणं म्हणतो तर तो त्या बाईपासून मूळ कवीपेक्षा किती लांब गेला?

जात्यावरची ओवी मात्र बायकांनीच बांधलेली. तिथे मनमोकळांचं म्हणणं मला सोडून देता येत नाही.

स्विंडनकर

इकडे इंग्लंडात स्विंडनला गोंयकार खंडीभर आहेत, पण मराठीत बोलायला हाच कट्टा. इथल्या एका पबात दर आठवड्याला लोकगीतांची बैठक भरते, तिथे अगदी हाच वाद ऐकला. उदाहरण निघालं 'हाउस ऑफ द रायझिंग सन' या अमेरिकी लोकगीताचं. १९३७ साली अमेरिकेत केंटकीमध्ये अ‍ॅलन लोमॅक्स या लोकगीतं गोळा करणाऱ्या अभ्यासकानं जॉर्जिया टर्नर नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीकडून ते ध्वनिमुद्रित केलं. तिच्या गाण्यात नासाडी होते ती मुलीची. बॉब डिलननं १९६२ च्या पहिल्या अल्बमात बाईचा 'मी' तसाच ठेवून गायलं. मग १९६४ साली अ‍ॅनिमल्स या बँडनं मुलीचा मुलगा केला आणि गाणं जगभर गेलं. पण त्या घरात मुलीचं जे होतं ते मुलाचं होत नाही. जुगारी बापाचा वाया गेलेला पोरगा, एवढंच उरतं. एक म्हातारे म्हणाले, गाणारा बदला, गाण्यातली माणसं बदलू नका.

जुनी_तबकडी

@स्विंडनकर, मुलाचं रूप अ‍ॅनिमल्सनी काढलेलं नाही. क्लॅरेन्स अ‍ॅशली यांची १९३३ ची तबकडी आहे, तीत मुलगाच आहे. तोंडातोंडी फिरणाऱ्या गाण्याला दोन्ही रूपं असतात. मात्र आपल्याकडे अशी बदलाबदल जड जाते. 'गेले'चं 'गेलो' केलं की यमक मोडतं, मग 'सख्या'चं 'सखे', मग पदराचा फेटा, शेवटी गाणंच नवं लिहावं लागतं. मजा म्हणजे 'हांव वैता' कोंकणीत बाईही म्हणते आणि बाप्याही. बोलणारी बाई आहे हे दागिन्यांवरून कळतं.

खवचट_काजू

पायांत पैंजण नको, सायकलची चावी देऊ दे होडीवाल्याला. प्रश्न मिटला.

भाषाभिमानी_१

कोंकणी गाण्यावर मराठीत चर्चा का चाललीय ते कळलं नाही. देखणी कोंकणी, धालो कोंकणी...

संपादक

भाषावाद या धाग्यावर नको. त्यासाठी वेगळे धागे आहेत, फार आहेत. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

देवळाजवळचा

इतका वेळ नुसता वाचत होतो. मास्तरांनी धाग्याच्या सुरुवातीलाच निरोप जसाच्या तसा दिलाय, तो परत वाचा. "हे कलावंतिणीचं गाणं." माऊली 'बाईचं गाणं' म्हणालीच नाही.

त्याच मुलानं उद्या गौळण म्हटली असती तर घरून निरोप आला असता का? राधेचा 'मी' चालतो, गोपीचा चालतो, मीरेचा चालतो. पैंजण देऊन होडी मागणाऱ्या नाचणारणीचा चालत नाही. तेव्हा अडलंय ते गळ्यावर नाही. कुठल्या बाईच्या जागी आपला मुलगा उभा राहतो, त्यावर अडलंय.

मी त्याच कलावंतिणींच्या समाजातला. आमच्या पणजीला देवळात गायला लावायचे आणि गाणं संपलं की वेगळं बसवायचे. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर याच समाजातून आल्या. केसरबाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानावर चढून सूर्यमालेबाहेर गेला, तेव्हा कलावंतीण म्हणून कुणी नाक मुरडलं नाही. आता त्या 'आमच्या केसरबाई'. गंमत बघा, मंगेशीचे मास्टर दीनानाथ 'भावबंधन'मध्ये लतिका व्हायचे. याच घराण्यांतला मुलगा नाटकात कुलीन नायिका झाला तर टाळ्या, आणि कुलीन घरातला मुलगा गाण्यात कलावंतीण झाला तर घरून निरोप.

माझं मास्तरांना एवढंच सांगणं. गाणं ठेवा, पण मुलाला ती कोण होती हे नीट सांगा. लग्नाच्या माटवात नाचायला बोलावलेली, पोटासाठी नदी ओलांडणारी बाई. दागिने ती लाडात येऊन देत नाही. तिच्याजवळ द्यायला दुसरं काही नाही. स्टेजवर ही देखणी नेहमी गोड हसत नाचतात, ते मला लहानपणापासून विचित्र वाटत आलंय.

घुमटवाली

देवळाजवळचा, दंडवत.

म्हापशेकर_मनमोकळा

हा मुद्दा माझ्या लक्षातच नव्हता. ओवीबद्दल मी म्हटलं ते तसंच ठेवतो, पण देखणीबद्दल यापुढे वाद घालणार नाही. एक शंका मात्र राहते. ज्यांच्या पणज्यांनी ते भोगलं त्यांना सोडून बाकी सगळे ते गाणं मिरवतात, ख्रिस्ती घरात, हॉटेलात, पर्यटकांच्या क्रूझवर. मग खरा आक्षेप मुलावर घ्यायचा की क्रूझवर?

देवळाजवळचा

क्रूझवर. हजारदा क्रूझवर.

सत्तरीची_सून

क्रूझवाल्यांनी परवा 'धालो डान्स' पण लावला होता. सासूबाईंना सांगितलेलं नाही.

रियाजी_रमा

मास्तर, सगळे तात्त्विक बोलताहेत, मी साधं विचारते. पंधरा वर्षांचा आहे, आवाज फुटतोय का? पट्टी कुठली?

पेटीमास्तर

बरोब्बर नस पकडलीत. गेल्या वर्षी काळी चारला आरामात गायचा. आता वर गेला की आवाज चिरकतो आणि तिथेच पोरं हसतात. चिडवण्यातलं निम्मं त्या चिरकण्याचंच आहे. काळी दोनवर आणलंय, पण खालचे स्वर अजून भरत नाहीत.

काल त्याच्या घरी जाऊन आलो. देवळाजवळचा यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं नाही, पण तेच माझ्या शब्दांत बोललो. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तो हसत हसत म्हणणार नाही ना?" मी नाही म्हटलं. मुलाला विचारलं, तर त्याची अडचण भलतीच निघाली. 'नाका गो' पण आपणच म्हटलं की त्याला नाही म्हणणारा समोर कुणी आहे असं वाटत नाही म्हणे. स्पर्धा एकल आहे, पण साथीला चार मुलं चालतात. तेव्हा वर्गातली चार पोरं होडीवाल्याच्या ओळींना घेतली आहेत. त्यांतले दोघे चिडवणाऱ्यांतलेच. कालपासून त्यांचा ताल चुकतोय आणि हा त्यांना ओरडतोय.

रियाजी_रमा

काळी दोन ठेवा, आणखी खाली नेऊ नका. वरच्या ओळीला ताकद लावायला देऊ नका, नुसता स्पर्श करून खाली येऊ दे. आणि स्पर्धेच्या आधी दोन दिवस तालीम बंद. या वयात गळा ओढून गायला की महिनाभर बसतो.

पेडण्याचा_पेंद्या

आणि थंड सोडा बंद!

पेटीमास्तर

रमाताई, आभार. घुमटवाली, तुम्हाला एक विचारायचंय. घुमट शाळेचंच आहे, नवं, बकऱ्याच्या चामड्याचं. पाऊस झाला की फद्द वाजतं. काय करू?

घुमटवाली

घोरपडीचं कातडं कायद्यानं बंद झाल्यापासून सगळ्यांचं हेच रडगाणं आहे. बकऱ्याचं चामडं दमट हवेत सैल पडतं. वाजवायच्या आधी थोडा वेळ उन्हात धरा. ऊन नसेल तर चुलीपासून हातभर लांब, जवळ नेलंत तर कडेला तडकेल. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, कापडात ठेवा. आणि वाजवणाऱ्या मुलाला सांगा, सगळा जोर उजव्या हातात नको. डावा हात मागच्या तोंडावर उघडझाप करतो, घुमणं तिथून येतं. डावखुरा असेल तर आधी कळवा, त्याला वेगळं दाखवावं लागेल.

पेटीमास्तर

डावखुराच आहे. रविवारी फोंड्याला याल का?